जांभळं गालबोट

त्या दुपारी डॉक्टरीण जेवायला घरी गेली नाही. दवाखाना दीडला बंद व्हायचा आणि साडेचारला उघडायचा. मधल्या वेळात ती एरवी घरी जाऊन दोन घास खायची, जरा पाठ टेकायची. आज तिला एक कागद लिहायचा होता. एकच पान. मजकूर दादाने काढून दिला होता, तिने तो आपल्या अक्षरात उतरवायचा आणि खाली सही ठोकायची, एवढंच. चार वाजता दादा येऊन कागद घेऊन जाणार होता आणि उद्या सकाळी तो चौकशी समितीपुढे जाणार होता.

मावशी निघता निघता दारात थबकल्या. फरशी पुसण्यापासून हत्यारं उकळण्यापर्यंत दवाखान्यातलं सगळं मावशी बघायच्या, आणि कुणी काय करावं हेही न विचारता सांगायच्या.

“उपाशीपोटी सही करू नये माणसाने,” त्या म्हणाल्या. “चहा तरी टाकून जाऊ?”

“नको मावशी. जा तुम्ही.”

“मग आतून कडी घाला. मागच्या दाराला मी कुलूप लावलंय. उगाच कुणीतरी गाल धरून येईल आणि तुम्ही बसाल बघत. तुमचं काय, दुखतंय म्हटलं की विरघळलात.”

डॉक्टरीण हसली, कडी घातली आणि टेबलाशी येऊन बसली.

आता तो कागद काय होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दवाखाना भाऊ-बहिणीचा. दोघंही दातांचे डॉक्टर. आईवडील लवकर गेले, दादाने बहिणीला हाताला धरून वाढवलं, शिकवलं, आणि या धंद्यातलं जे पुस्तकात नसतं तेही त्यानेच तिला दिलं. तिचा जीव निदानात आणि त्याचा हात दाढ काढण्यात. गावात म्हणच पडली होती, बहीण बघते आणि भाऊ काढतो. बाहेरच्या खोलीत तिची खुर्ची, आतल्या खोलीत त्याची.

आणि निदान म्हणजे काय खायचं काम नाही. दाढदुखीसारखं लबाड दुखणं दुसरं नसेल. पोट दुखलं तर माणूस पोट धरतो, पाय दुखला तर पाय. दाढेचं तसं नाही. सडते खालची, ठणकते वरची. कधी कानात कळ येते, कधी कपाळात, कधी दात सगळे धडधाकट आणि चेहऱ्याची शीरच बिघडलेली. घाईचा डॉक्टर रोगी बोट दाखवेल तो दात उपटतो, आणि मग रोग रेड्याला, औषध पखालीला. डॉक्टरीण असं कधी करायची नाही. आधी ती नुसतं ऐकायची. मग बघायची. मग कापसात बर्फाचा खडा धरून एकेका दाताला लावायची, आरशाच्या दांडीने हलकेच ठोकायची. एवढ्यानेही पत्ता लागला नाही तर एक बाजू बधिर करून गप्प बसून राहायची. जिथलं बधिर केल्यावर दुखणं थांबतं, चोर तिथंच लपलेला असतो.

चोर सापडला की ती एक गोष्ट न चुकता करायची. रोग्याचा डावा गाल समोर बसणाऱ्याच्या उजव्या हाताला येतो. या डाव्या-उजव्याने भल्याभल्यांना फसवलंय. म्हणून ती आगपेटीतली काडी जांभळ्या औषधात बुडवायची आणि ज्या बाजूची दाढ खराब, त्या गालावर ठिपका द्यायची. मग तो माणूस आतल्या खोलीत जायचा आणि दादा ठिपका बघून काढायचा. मावशी त्याला गालबोट म्हणायच्या. ते पाण्याने जात नसे, चार-चार दिवस राहायचं. लग्नाच्या पोरी कुरकुरायच्या, बाकीचे हसायचे.

तीन वर्षांपूर्वी एक बाई आली होती, अर्धा चेहरा दुखतोय म्हणून. डॉक्टरणीने तपासून, एक्स-रेची फिल्म काढून, गालबोट लावून तिला आत पाठवलं. चौथ्या दिवशी बातमी आली, बाई गेली. जबड्याखाली सूज आली, गळ्याकडे उतरली, श्वास कोंडला, इस्पितळात पोचेपर्यंत खेळ खलास. खराब दाढ तोंडात तशीच होती. काढली होती ती दुसऱ्या बाजूची, चांगली.

त्या संध्याकाळी दादा तिच्याजवळ बसला. “चिमे,” तो फार हळू म्हणाला, “खूण तू उजव्या गालावर केली होतीस. मी खूण बघून काढली.” तिला आठवत होतं ते वेगळंच. पण तिच्या अंगात त्या दिवशी कणकण होती, पेशंट सतरा झाले होते. फिल्ममध्ये तर डावीच खराब दिसत होती, म्हणजे हात गालाकडे नेताना चुकला असणार. केसपेपर दादा लिहायचा, त्यावरही खूण उजवीकडे असंच होतं. आणि दादा खोटं कशाला बोलेल? सूर्य पश्चिमेला उगवेल, पण दादा तिच्याशी खोटं बोलणार नाही.

तेव्हापासून ती धड झोपली नव्हती. खूण करायच्या आधी ती रोग्याला तीन-तीनदा विचारायची, डावा हात वर करा, कुठला डावा, हाच ना. लोकांना वाटायचं, बाईंचं वय होतंय. बाईंचं वय चाळीस होतं.

त्या बाईच्या मुलाने तीन वर्षं अर्जावर अर्ज केले आणि शेवटी चौकशी लागली. दादा म्हणाला, तू लिहून दे, चूक माझ्या हातून झाली, दोघांनी बुडण्यापेक्षा एकाने बुडावं. सही केली की तिची नोंदणी रद्द होणार होती. पुन्हा कधी कुणाला आ करा म्हणायचा हक्क तिला उरणार नव्हता, आणि दुसरं तर तिला काही येतही नव्हतं. तरी ती तयार झाली होती. चूक आपली तर शिक्षाही आपली.

तिने लिहायला घेतलं. बाहेर ऊन रटरटत होतं. रस्ता चिडीचूप, पंख्याची तेवढी घरघर. ‘रोग्याच्या उजव्या गालावर मी स्वतः चुकीची खूण केली’, इथवर ती आली, आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

फुस्स.

हा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. दादाच्या खुर्चीवर कुणी बसलं की तिची जुनी गादी असा श्वास सोडायची.

ती उठली. दाराची कडी तिने स्वतः घातली होती. मागच्या दाराला कुलूप. मावशी कुलूप लावायला विसरल्या असतील, ती मनाशी म्हणाली, आणि पडदा सारून आत गेली.

खुर्चीवर एक बाई बसली होती. हनुवटीखालून डोक्यावर फडकं घट्ट बांधलेलं, गाल दोन्हीकडून झाकलेले, डोळे मिटलेले. खोलीत खिडकी होती, दुपार होती, तरी उजेड त्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हता.

“काकू, दवाखाना बंद आहे आत्ता,” डॉक्टरीण म्हणाली. “साडेचारला येता का?”

“दुखतंय, बाई…”

झालं. मावशींनी बरोबर ओळखलं होतं. दुखतंय म्हटल्यावर या बाईला परत पाठवणं तिच्या जिवावर आलं. तिने हात धुतले, स्टूल ओढलं आणि बसली.

“कुठं दुखतंय?”

“नक्की सांगता येत नाही… सगळीकडेच.”

“किती दिवस झाले?”

“झाले बरेच.”

“रात्री झोप लागते का?”

“मी झोपते… ते झोपत नाही.”

“आडवं झाल्यावर वाढतं?”

“मी आडवीच असते,” ती म्हणाली.

डॉक्टरणीने दिवा ओढून खाली घेतला. जवळून एक वास आला, ओल्या मातीचा, आणि त्यात मिसळलेला स्पिरिटचा. दवाखान्यात स्पिरिटचा वास यायचाच, पण मावशींनी आज सगळं साबणाने पुसलं होतं.

“आ करा.”

तिने आरसा तोंडात घातला. आता या छोट्या आरशाचं एक असतं. तोंडात गेला की श्वासाने तो धुरकट होतोच. कितीही करा, होतो. गालाला टेकवून गरम करा, पुसा, पुन्हा घाला, तेव्हा कुठं दिसतं. पंधरा वर्षं ती हेच करत आली होती. आज आरसा आत गेला आणि लख्ख राहिला. तिने सवयीने तो बाहेर काढून पुसला, पुन्हा घातला. लख्खच.

ती आत बघत राहिली. खालच्या पुढच्या दातांत एक दात शेजाऱ्यावर पाय टाकून झोपल्यासारखा आडवा चढलेला. वरच्या दाढेत चांदीचं जुनं भरण, त्याचा एक कोपरा उडालेला. चेहरे तिच्या लक्षात राहत नसत. भाजीवाली ओळखीचं हसली तर ती गोंधळायची. पण एकदा बघितलेलं तोंड ती विसरायची नाही, हा तिचा गर्व होता. हे तोंड तिने बघितलं होतं. एकदाच, तीन वर्षांपूर्वी.

तिची दातखीळ बसली. उठून पळावं असं पायांना वाटत होतं, पण हात त्यांचं काम करत राहिले. हातांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं. तिने कापसात बर्फाचा खडा धरला आणि एकेका दाताला लावत गेली. बाई हलली नाही. खाली उजवीकडे आली तर तिथं दाढ नव्हती. खड्डा होता, उघडा, लाल, ओला. तीन वर्षांत हाड भरून येतं, वर कातडी येते. हा खड्डा आत्ता, घटकेपूर्वी केल्यासारखा होता.

मग डावीकडे. तिने आरशाची दांडी उलटी धरली आणि खालच्या दाढेवर हलकेच ठोकलं.

बाईने तिचं मनगट धरलं. इतका गार हात तिला आयुष्यात कधी लागला नव्हता.

“हीच…” बाई म्हणाली. तोंड उघडंच होतं, ओठ हलले नाहीत, तरी शब्द स्वच्छ आले. “तुम्ही तेव्हाही हीच म्हणाला होतात.”

“मी…” डॉक्टरीण म्हणाली. “काकू, चुकले मी. मी खूण उजव्या…”

बाईने मनगट सोडलं आणि डोक्यावरची गाठ सोडली. फडकं खाली घसरलं.

उजवा गाल कोरा होता. डाव्या गालावर जांभळा डाग होता. ठिपका नव्हे, डाग. कुणीतरी बोळ्याने खसाखसा घासून पुसायला बघितलं होतं, रंग गालभर फासला गेला होता आणि भोवतीची कातडी सोलवटून लाल झाली होती. स्पिरिटचा वास तिथून येत होता.

“त्यांनी पुसलं,” बाई म्हणाली. “मी म्हटलं, डॉक्टर, दुखतंय ते तसंच आहे… दुसऱ्या बाजूला. ते म्हणाले, बधिर केलंय म्हणून तसं वाटतं. आणि पुसत राहिले.”

डॉक्टरीण त्या डागाकडे बघत होती. आपण चुकलो नव्हतो. हा हात चुकला नव्हता. तीन वर्षं ज्या हाताकडे ती बघूही शकत नव्हती, त्याने ठिपका जिथं द्यायचा तिथंच दिला होता.

“काढू का, काकू?” ती कशीबशी म्हणाली. “मी काढते. आत्ता काढते…”

तिने चिमट्यासाठी मागे वळून तबकाकडे हात नेला. पाठीमागे गादीने श्वास आत ओढला, आणि ती वळली तेव्हा खुर्ची रिकामी होती. तबकातला बर्फाचा खडा तेवढा कापसावर तसाच होता, कोरडा, जराही न विरघळलेला. मागच्या दाराला कुलूप होतं. पुढच्या दाराला आतून कडी.

आता तुम्ही म्हणाल, तिची बोबडी वळली असेल. भीती वाटली, नाही असं नाही, पण ती नंतर. आधी जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. गाल पुसला म्हणजे दादाला त्याच क्षणी कळलं होतं. बाई अजून त्याच्या खुर्चीत होती, जिवंत होती, सडकी दाढ तिच्या तोंडात होती, आणि दादाने दुसरी दाढ काढण्याऐवजी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. मग घरी येऊन बहिणीच्या शेजारी बसला आणि चिमे म्हणाला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तीन वर्षं ती रात्री उठून बसायची तेव्हा तिला पाणी कोण आणून द्यायचं? दादाच.

ती जमिनीवर बसून खूप रडली. मग तोंड धुतलं, बाहेर येऊन बसली आणि दाराची कडी काढून ठेवली.

दादा बरोबर चारला आला. त्याने छत्री कोपऱ्यात उभी केली, घाम पुसला. “झालं का लिहून?”

“दादा, बस.”

“बसायला वेळ नाहीये गं. वकील थांबलाय. सही केलीस ना?”

“डाव्या गालावरची खूण पुसायला किती वेळ लागला तुला?”

तिने अगदी साध्या आवाजात विचारलं. जेवलास का, असं विचारावं तसं. दादाचा रुमाल कपाळावरच राहिला. कुठली खूण, तो म्हणाला नाही. वेड लागलंय का, असंही म्हणाला नाही.

“कोण म्हणालं तुला?” तो म्हणाला. “खोलीत तर तिसरं कुणी नव्हतं…”

आपण काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं. तो खुर्चीवर बसला.

“फिल्म उलटी धरली मी,” शेवटी तो म्हणाला. “तिच्या कोपऱ्यात उंचवटा असतो ना, बाजू कळायला, तो बघितलाच नाही. म्हटलं फिल्म हातात असताना खूण कशाला बघायची. दाढ निघाली आणि मुळं बघितली… पांढरीशुभ्र, चिमे. तेव्हा कळलं.”

“मग तेव्हाच दुसरी का नाही काढलीस? मला हाक का नाही मारलीस? मी पडद्याच्या अलीकडे होते.”

“बाहेर सहा माणसं बसली होती. म्हटलं, दुखायचं थांबलं नाही तर दोन दिवसांत परत येईल, तेव्हा गुपचूप काढून टाकू. मरेल असं कुणाला वाटलं होतं?”

“आणि मी?”

दादाने मान खाली घातली. “तू लगेच विश्वास ठेवलास. मी तयारी करून आलो होतो, तू भांडशील, शपथ घालशील. तू काहीच विचारलं नाहीस. मग मला सोपं गेलं.” तो थांबला, आणि मग जे बोलला ते त्याने बोलायला नको होतं. “माझ्या पदरात दोन मुली आहेत. तुझ्यामागे कोण आहे? तुझं एकटीचं कसंही निभलं असतं.”

डॉक्टरणीने समोरचा कागद उचलला, त्याचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

“माझ्यामागे तू होतास, दादा,” ती म्हणाली. “मला वाटायचं.”

दुसऱ्या दिवशी तिने खरं ते लिहून दिलं. वहिनीने बोलणं टाकलं, दोघी भाच्या रस्त्यात तोंड फिरवायला लागल्या, आणि ज्यांना आपल्या दाताची कीड दिसत नाही असे लोक म्हणायला लागले की सख्ख्या भावावर उलटली. दादाने पहिल्या सुनावणीला कानावर हात ठेवले. दुसऱ्या सुनावणीला तो आपणहून उभा राहिला आणि सगळं कबूल केलं. मधल्या आठवड्यात काय झालं ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. त्याची नोंदणी गेली. दवाखान्यात आता एकच खुर्ची राहिली.

सहा-सात महिन्यांनी एका दुपारी दादा आला. दवाखाना उघडा होता, तरी तो रोग्यांच्या बाकावर शेवटच्या जागी जाऊन बसला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबला. उजवा गाल हातात धरलेला. अंगावरचे कपडे त्याच्या मापाचे वाटत नव्हते.

“दुखतंय,” तो म्हणाला. “खाली, उजवीकडे. दुसऱ्या डॉक्टरकडून दाढ काढून घेतली. म्हणाला, दाढ चांगली होती. तरी थांबत नाही. दिवसरात्र नुसता ठणका. तुझ्याशिवाय हे कुणाला सापडायचं नाही, चिमे.”

तिने त्याला खुर्चीत बसवलं. ऐकून घेतलं, बघितलं, बर्फ लावला, ठोकलं. दाढ काढलेली जागा छान भरून आली होती, गुलाबी, घट्ट. तिने ती बाजू बधिर केली आणि घड्याळ लावून वाट बघितली. ओठ बधिर झाला, जीभ बधिर झाली. ठणका तसाच. मग तिने फिल्म काढली आणि धुवायला अंधाऱ्या कोठडीत गेली.

कोठडीत लाल दिवा होता. औषधाचा आंबूस वास. तिने फिल्म पाण्यातून काढून दिव्यापुढे धरली. कोपऱ्यातला उंचवटा अंगठ्याने चाचपला, एकदा नाही, तीनदा. बाजू बरोबर होती. आणि जिथं तिने आत्ता बोट फिरवलं होतं, जिथं हिरडीखेरीज काही नव्हतं, तिथं फिल्ममध्ये दाढ होती.

दादाची नव्हे. दादाच्या दाढांची मुळं जाड, वाकडी, ती तिने लहानपणापासून बघितलेली. ही लहान होती, बायकी हाडाची, सरळ बारीक मुळांची. पूर्ण निरोगी.

ती बाहेर आली आणि फिल्म त्याच्या हातात दिली. दादाने ती खिडकीकडे धरली, उंचवटा चाचपला. मग त्याची जीभ गालाच्या आत त्या रिकाम्या जागेवर फिरली.

“काढ,” तो शेवटी म्हणाला.

“चिमटा कशाला लावू, दादा?” ती म्हणाली.

त्यानंतर तो दर महिन्याला यायला लागला. ती दर महिन्याला फिल्म काढायची. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. दोघं फारसं बोलत नसत. तिसऱ्या महिन्यात त्या दाढेच्या मुळाशी सावली दिसली, मोहरीएवढी. चौथ्या महिन्यात ती वाटाण्याएवढी झाली. सहाव्या महिन्यात जबड्याच्या कडेपर्यंत उतरली, आणि परवाच्या फिल्ममध्ये कड ओलांडून खाली निघाली होती, गळ्याच्या दिशेने. तिथं फिल्म संपते.

त्या दिवशी दादाने सदऱ्याची गळपट्टी सैल केली होती. “चिमे,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज घोगरा आला, “दोन दिवसांपासून घोट घेताना जरा अडकल्यासारखं होतं… ते कशाने?”

तिने त्याच्या जबड्याखाली बोटं ठेवली. सूज नव्हती, काहीच नव्हतं. मग तिने सवयीने आरसा उचलला आणि म्हणाली, आ कर. दादाने आ केला. आरसा आत गेला, आणि ती वाट बघत राहिली. तो धुरकट होत नव्हता.